हश्मल

पंख्याची पाती सावकाश थांबली
आणि इताय म्हणाला, "एन हश्मल."
नऊ वर्षांचा. अश्दोदहून सुट्टीला आलेला,
माझ्या सिप्पोराचा नातू.
एका हातात घावन, ओठाला गूळ.

मी नेर तामीदमध्ये खोबरेल ओतत होतो.
हात तसाच राहिला.

हा शब्द मला ठाऊक आहे.
बाबांनी बोरूने लिहिलेला,
हिब्रू अक्षरांच्या खाली बाळबोध:
उत्तरेकडून वादळ, थोरला ढग, ढगात आग,
आगीच्या पोटात हश्मल.
यहेज्केलाने एकदाच पाहिलं.
"म्हणजे काय?" मी विचारलं होतं.
"विचारू नये," बाबा म्हणाले. "एका पोराला म्हणे अर्थ कळला,
तर आतून जाळ आला आणि पोरगं राख झालं.
तू नुसतं नीट म्हण."

साठ वर्षं मी नुसतं नीट म्हणतो आहे.

"लाईट गेली म्हणतोय, मामा," शुलमीथ म्हणाली.
"हश्मल म्हणजे लाईट. दर दोन महिन्यांनी बिल येतं ना आमच्याकडे,
त्याच्यावर मोठ्या अक्षरात असतं."
"एवढंच?"
"एवढंच. आणि यंदा केवढं वाढवलंय!"

बाहेर सुपारीच्या वाडीत काळोख उतरला.
रेवदंड्याला लाईट गेली की समुद्र आळीत येतो, नुसता आवाजाने.
वायरमन पाटील फोनवर म्हणाला, डीपी उडालाय,
तासभर धरून चाला.

आमचा घाणा होता तेव्हा
शनिवारी बैल मोकळा असायचा,
गाव आम्हांला शनवारतेली म्हणायचं.
आता तेल पिशवीतून येतं.
तेवढी एक वात जळत होती सबंध सिनेगॉगात,
आणि इताय मान वर करून तिच्याकडे बघत होता.
आईला काहीतरी विचारलं. ती हसली.
"विचारतोय, ह्याचं बिल कोणाला येतं?"

मला, मी म्हटलं. वाण्याकडे खातं आहे.

तिने ते त्याला सांगितलं की नाही, कोण जाणे.
शाबुओथला ते पान पुन्हा उघडेन. दहा माणसं काही जमत नाहीत,
एकट्यानेच वाचायचं. वादळ, ढग, आग,
आणि तिथे आलो की मला मीटर दिसणार. काटा फिरताना.

साडेआठला आली.
आळीभर पोरं ओरडली, "आऽली!"
आणि इताय सगळ्यांच्या वर, "हश्मल! हश्मल!"
मी जवळ जाऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.
त्याला वाटलं आशीर्वाद.
मी बघत होतो, भाजलंय का.
घाम होता नुसता,
आणि केसांत कुठूनसा गूळ.