चित्र त्रेचाळीस

माझं काम एवढंच: चित्रं धरायची,
हिरव्या कापडाच्या तंबूत, तिच्या डोळ्यांसमोर,
एका वेळी एक.
कापडापलीकडे डॉक्टर ओलाबारींचे सावकाश हात
मेंदूच्या घड्या सारत खाली उतरतायत.
गाठ आहे त्या भागाला बेट म्हणतात.
हे सांगितलं तेव्हा एस्तिबालित्स हसली होती,
'मग होडीशिवाय कसे जाणार, डॉक्टर?'

एकोणचाळीस वर्षं ओंदारोआच्या धक्क्यावर
जाळी सांधते ती, पाय पसरून,
अंगठ्याला दोर अडकवून.
काल म्हणाली, फाटलेल्या जागी नुसता दोरा ओवून भागत नाही.
आधी कापावं लागतं
धड गाठ लागेपर्यंत.
धड गाठ लागली की सुरी थांबवायची.

कुत्रा. दोन्ही भाषांत बरोबर.
शिडी. बरोबर.
चमचा, आधी स्पॅनिश, मग बास्क.
कुणीतरी शिंक दाबली.
त्रेचाळिसावं चित्र जाळ्याचं.
'रेद,' ती म्हणाली. स्पॅनिश. ठीक.
मग ओठ हलले आणि
'सा...'

ज्या शब्दानं तिला भाकरी दिली
तो दारात उभा, उंबरा ओलांडेना.
तिला जाळं दिसत होतं,
त्याचा वाससुद्धा येत असणार,
भोकं मोजता आली असती.
मी म्हटलं, 'थांबा.'
विजेची सळई उचलली गेली.
चार सेकंद.
'सारे,' ती म्हणाली. 'सारे. सारे. सारे.'
दिवेलागणीला घरी आलेली पोरं मोजावीत तसं.

डॉक्टरांनी तिथं कागदाचा इवलासा आकडा ठेवला.
त्याखाली अजून मसुरीएवढी गाठ होती.
मास्कवरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
मला विचारण्यासारखं काही नव्हतं,
सही करताना तीच सांगून गेली होती.

ऑक्टोबरात ती आली,
खारवलेल्या माशांची बरणी घेऊन.
उजव्या हाताची दोन बोटं अजून बधिर,
बरणीचं झाकण मीच उघडलं.
फोटोत मसूर होती तिथंच.
'लहान आहे,' मी म्हटलं.
'किती ते नाही विचारलं. कशी आहे?'

मी फोटो खिडकीशी धरला.
तिनं डोळे बारीक करून पाहिलं,
दुसऱ्या कुणाचं काम पाहावं तसं.
'माझ्या हातची नाही ही गाठ,' म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही. बाहेर ट्राम गेली.
'राहू दे.
सारे तिलाच धरून आहे.'