जॉइंटरचा हात

एकोणतीस वर्षं रावपुऱ्याच्या खड्ड्यांत उतरलो.
टेलिफोन खात्याचा जॉइंटर.
गुडघ्याखाली पोतं, कानाशी बझर,
एकेक तार सोलायची, पिळायची, वर कागदाची नळी:
पांढरा-निळा, पांढरा-नारिंगी, पांढरा-हिरवा.
आठशे जोड्यांची केबल. एक जोडी चुकली
की दांडिया बाजारातल्या वैद्यांच्या घरी
मांडवीच्या फरसाणवाल्याच्या ऑर्डरी.

वासी उत्तरायणाला, भर दुपारी,
फतेहगंजच्या पुलावर स्कूटरसमोर मांजा आला.
गळ्याशी येतोय म्हणून उजवा हात वर केला.
गळा वाचला.
मनगटाच्या वर चार बोटं
आत काहीतरी पांढरं तुटलं.
डॉक्टर झालांनी भिंगाखाली, केसाहून बारीक टाक्यांनी
दोन्ही टोकं समोरासमोर आणली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं,
आतल्या तारा रंग बघून जोडल्या ना?
ते हसले. "रंग नसतात, शिर्केकाका.
आम्ही वरचं वेष्टण शिवतो.
आतलं ज्याचं त्याने शोधायचं."

ज्याचं त्याने शोधायचं!
असा जॉइंट मी दिला असता
तर साहेबांनी त्याच खड्ड्यात पुरलं असतं.

आणि हेही मला कुणी सांगितलं नव्हतं
की टाक्याच्या पुढचा भाग आधी मरतो.
शिवलेला असूनही.
तारेचा चुरा होतो, तिथल्याच पेशी तो गोळा करतात,
नळी झाडून मोकळी करतात,
मग वीज गेल्यावर जिन्यात कुणी मेणबत्ती धरून उभं राहावं
तशा ओळीने थांबतात.
वरच्या टोकाला कोंब येतो.
आंधळा, चाचपत निघतो.
रोज एक मिलिमीटर.
विश्वामित्रीच्या काठावर ऊन खात पडलेली मगरसुद्धा
दिवसाकाठी याहून जास्त सरकत असेल.

कुमुदिनीने शिलाईच्या टेपने मोजलं.
टाक्यापासून तळव्याच्या कडेपर्यंत अकरा सेंटिमीटर.
"एकशे दहा दिवस," म्हणाली, "आणि निघायच्या तयारीचा महिना.
तुमच्या पेन्शनच्या फायलीपेक्षा लवकर."

ध्वनिबेन, फिजिओथेरपीवाली, वय माझ्या नोकरीहून कमी,
टाक्यापासून खाली टकटक करत येते.
जिथे करंगळीत झिणझिणतं
तिथे बॉलपेनने फुली.
दर पंधरवड्याला फुली थोडी खाली.
मी मनात म्हटलं, फॉल्ट लोकेट करतेय पोरगी.

पण पलीकडचा स्नायू
किती दिवस रिसीव्हर धरून बसणार?
अंगठा आणि तर्जनीमधला उंचवटा बसला.
पंजाच्या पाठीवर चर पडले,
खोदून कुणी बुजवायचं विसरल्यासारखे.
वर्ष-दीड वर्ष वाट बघतो म्हणे,
मग आतून वाळतो.
नंतर तार दारात आली तरी उचलत नाही.

ध्वनिबेन अंगठा आणि तर्जनीत लाइटबिल धरायला लावते,
आणि ओढते.
फेब्रुवारीत गेलं. मेमध्ये गेलं.
ऑगस्टमध्ये मी चिडून दुसऱ्या हाताने धरलं,
तर म्हणाली, काका, चीटिंग.
नवरात्रातल्या सातव्या माळेला
बिल अडलं.
क्षणभरच. मग निसटलं.
तिने मागितल्याशिवाय पुन्हा धरलं मी.

आता हे असं आहे:
करंगळीला सुई टेकवली तर अनामिका म्हणते, बोला.
करंगळी हलव म्हटलं की शेजारीण थरथरते.
ध्वनिबेन म्हणते, मेंदू शिकेल,
कोण कुठे राहायला गेलं ते लिहून घेईल हळूहळू.
शिकेल. आमचीही डायरेक्टरी दर साली नवी छापायची,
आणि लोक वर्षभर जुनेच नंबर फिरवायचे.

रावपुऱ्यात माझे जोड आता मेलेत.
वर काचेची फायबर घातली, तांबं चोरांनी उपसलं.
रात्री कुमुदिनी झोपली की
मी पांघरुणाखाली हात घेतो
आणि जुन्या सवयीने हळूच म्हणतो,
हॅलो, टेस्टिंग.
कुणीतरी उचलतं.
कोण बोलतंय, विचारतो.
अनामिका हलते. मी करंगळीला विचारलं होतं.