गाठ

मंडईच्या मागे माझं दुकान, सहा फूट बाय चार.
वीस वर्षं फूल मला देठापासून वर माहीत.
त्याच्या खाली काय असतं
ते विचारायची वेळच आली नव्हती.

चैत्रात निशिगंध आखूड यायला लागला.
दांडी वीतभर, कळ्या उमलायच्या आधीच पिवळ्या,
लग्नाचा हार ओवावा तर
नवरी बोहल्यावर पोचेपर्यंत फुलांनी माना टाकलेल्या.
गुलटेकडीला जाऊन आडत्याशी भांडले.
तो म्हणाला, मावशी, मी नुसता तराजू.
भांडायचंय तर घाट चढा,
शनिवारी सोसायटीची मीटिंग असते.

गेले.
फूल उत्पादक सहकारी संस्था मर्यादित,
म्हणजे दूध डेअरीच्या पाठची खोली,
एक पंखा, तोही डेअरीचा,
भिंतीला टेकवलेल्या निंबोळी पेंडीच्या गोण्या,
कडू, डोक्यात जाणारा वास,
आणि सतरंजीवर बावीस माणसं.
माझं दुकान यांच्या जिवावर,
आणि यांतला एकही चेहरा मी पाहिलेला नव्हता.

तावातावानं दांड्या पुढ्यात टाकल्या.
सचिव यशोदा बोरावके काही बोलल्या नाहीत.
बाहेर गेल्या, एक रोप कंदासकट उपटून आणलं,
बादलीत खळखळून धुतलं
आणि दवाखान्यातला रिपोर्ट ठेवावा
तसं वर्तमानपत्रावर ठेवलं माझ्यासमोर.

मुळांना गाठी होत्या.
राळ्याएवढ्या, ज्वारीएवढ्या, एखादी हरभऱ्याएवढी,
एकीला लागून एक, ओवल्यासारख्या.

मी गाठी मारून पोट भरणारी बाई.
दोऱ्याची गाठ, कलाबतूची गाठ, गजऱ्याची सरकगाठ,
लाइट गेली तरी, बोलता बोलता.
इतक्या बारीक मला नसत्या जमल्या.

"सूत्रकृमी," बोरावके बाई म्हणाल्या,
"डोळ्यांना दिसत नाहीत.
सूत्र म्हणजे दोराच की, तुमचाच."

मग सगळे एकदम बोलायला लागले.
तात्या झेंडे म्हणाले, जहाल औषध ओता, विषय संपवा.
त्यांचा पुतण्या म्हणाला, तीन वर्षं ओतलंच की,
गांडुळं गेली, हे राहिले.
कुणी म्हणालं, वैशाखात रान भिजवून प्लॅस्टिक अंथरू,
महिनाभर माती उकडू दे.
कुणी म्हणालं, शेणखतात बुरशी मुरवू, चांगली बुरशी,
तर मागून आवाज, आता बुरशीतही चांगली-वाईट आली का!
शेवटी बोरावके बाईंनी सांगितलं,
एक हंगाम झेंडू लावायचा, दाट.
त्याच्या मुळांतून काहीतरी झिरपतं,
या किड्यांना ते सोसत नाही.
"झेंड्यांनी झेंडूच लावायचा!" कुणीतरी म्हणालं,
आणि तात्यासुद्धा हसले.

हसून झाल्यावर तात्यांनी विचारलं,
झेंडूला किलोमागं काय मिळतं, माहीत आहे ना?
खोली गप्प.
एकेक करत सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी सतरंजीच्या दशा मोजत बसले.

ठराव क्रमांक चार: निशिगंध एक हंगाम बंद.
वहीत माझीही सही घेतली,
नावापुढे लिहिलं, निमंत्रित.
भांडायला आलेली बाई मी.

श्रावणात टेम्पोतून झेंडू आला,
ओला, तिखट वासाचा, देठांना अजून थोडी लाल माती.
ती मी झटकली नाही.
किलोला चार रुपये वाढवून सांगितले,
गिऱ्हाईक कुरकुरलं; ते चार माझे नव्हते,
वेगळ्या डब्यात पडले.

सत्यनारायणासाठी एक आजोबा आले,
नेहमीचे, निशिगंधाशिवाय पूजा न करणारे.
नाही म्हटलं.
का हो?
काय सांगणार, दुकानात गर्दी, हातात अर्धा हार.
म्हणाले, खाली काम चालू आहे.

त्यांनी मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.
तो पालिकेनं खणून ठेवलेला होताच.
समजल्यासारखी मान हलवली,
आणि अर्धा किलो झेंडू घेऊन
खड्ड्याच्या कडेकडेनं
जपून गेले.