तीस सेकंद

मुलाखत संपली की रफीक कोकणी हात वर करायचा.
पंखा आधीच बंद, आतल्या घरातला कुकरही उतरवलेला.
"आता कुणी हलू नका. खोली घ्यायचीय."
मग तीस सेकंद आम्ही खोली घ्यायचो,
म्हणजे नुसते बसायचो.

एडिटला लागतं ते.
दोन वाक्यांमधलं कापलं की
त्याच खोलीची शांतता तिथं भरावी लागते,
नाहीतर कान ओळखतो, इथं कात्री लागलीय.

सव्वीस वर्षं मी हे काम केलं.
माहितीपट बावीस मिनिटांचे, आठ मिनिटं जाहिरातींची.
सराफ बाजारात पाणी शिरलं की
मुंबईहून डेस्कचा फोन यायचा:
"मॅडम, दुतोंड्या मारुती कुठपर्यंत बुडालाय?"
आणि जरा थांबून,
"कुणी रडतंय का?"
मी शोधायचे. मिळायचंही.

परवा माळ्यावरून खोकी काढली.
लेबलांवर माझंच अक्षर, घाईतलं:
तांबट आळी ३/७, आवाज खराब.
सातपूर गेट, संप, रात्र.
जेलरोड, शेजवळ, वापरू नये.

मेन रोडच्या मागच्या बोळात
जुने डेक उघडणारा एक वडनगरे उरलाय.
स्पिरिटचा बोळा फिरवून म्हणाला,
"हेड झिजलंय ताई. एखादी टेप निघेल फार तर.
कुठली लावू?"

पिशवीत पुरस्काराची टेप होती.
मी शेजवळांची दिली.

मुरलीधर शेजवळ, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त.
चित्र आलंच नाही, नुसत्या करड्या रेघा
आणि त्यांचा आवाज.
मी विचारलं तेवढंच सांगत होते बिचारे,
मला हवं होतं तेवढंच मी विचारलेलं.
मग रफीक: "खोली घ्यायचीय."

लांब कुठंतरी मालगाडी.
भिंतीवरचं घड्याळ, जे काढून ठेवायचं राहिलं होतं.
आणि अगदी जवळ, माइकच्या पोटाशी,
फस्, फस्, फस्,
अंगठा बोटावरून सरकतोय,
गुडघ्यावर, धोतराच्या कापडावर.
शंभर झाले की एक थाप.
पुन्हा पहिल्यापासून.
समोर बसून मला हे दिसलं नव्हतं.
मी वहीत पाहत होते.

एकोणिसाव्या सेकंदाला एक बाई कुजबुजते,
"झालं का रे? पंचवटीत पाचला पोचायचंय."

अंगठा थांबतो.

रफीक काहीच म्हणत नाही. मग म्हणतो,
"परत घेऊ."
तिथंच टेप गुंडाळली गेली.
डेकच्या पोटातून तपकिरी फीत
वडनगरे हळूहळू उपसत राहिला.
त्यानं पंखा बंद केला होता.
कधी केला, मला कळलं नाही.