ब्लीचचा वास

पहिली खोकली डचेस. मंगळवारी, पहाटे चारला.
हंस कोकलावा तसा आवाज, शेवटी कोरडी उबळ,
घशात हाड अडकल्यासारखी.
वेंडेल म्हणाला, नेहमीचाच खोकला,
आठवड्यात जाईल, मध चाटव.
फ्लोरिडात शर्यतीच्या कुत्र्यांमागे तीस वर्षं गेलेला माणूस.
मी चमचा शोधला.

गुरुवारपर्यंत अकराजणी.
एकीनं सुरू केलं की पिंजऱ्यापिंजऱ्यातून उत्तर,
पत्र्याचं छप्पर रात्रभर खोकत राहिलं.
ग्रेहाउंडच्या बरगड्या एरवीही मोजता येतात.
आता त्या इतक्या भराभर हलत होत्या
की मोजणं जमेना.
नाकाखाली पिवळट शेंबूड, ताप एकशे पाच,
पुढ्यातलं मांस तसंच, त्यावर माश्या.
शर्यतींचा फलक कोरा.

डॉक्टर इबारा आली, लांब दांडीचा कापूस घेऊन.
प्रत्येकीच्या नाकात फिरवला, नळीत बंद केला, वर नंबर लिहिला.
म्हणाली, हा मुळात घोड्यांचा.
कधीतरी कुंपण ओलांडून आला.
यांच्या रक्तानं याला कधी पाहिलेलंच नाही,
म्हणून भेटेल तिला लागेल.
बहुतेक सावरतील, दोन-तीन आठवड्यांत.
काहींच्या छातीत उतरेल.
आणि पाचातली एखादी खोकणारही नाही,
जेवेल, शेपूट हलवेल,
आणि वाटत फिरेल.

मी सहा नंबरकडे पाहिलं.
ज्युनिपर. कानामागे पांढरा ठिपका.
बुधवारपासून मीच तिला दोरीनं नेत होते
या पिंजऱ्यातून त्या पिंजऱ्यात,
आजाऱ्यांना सोबत म्हणून.
ती शेजारी लवंडली की त्या शांत व्हायच्या.

तू सकाळी कुठून सुरुवात करतेस? डॉक्टरनं विचारलं.
आजाऱ्यांपासून, मी म्हटलं. त्यांना आधी नको का?
मग?
मग पिल्लांकडे.
तेच जॅकेट घालून?
मी मान हलवली.
तीच बादली, तोच टॉवेल,
सगळ्यांच्या कपाळावरून फिरलेला तोच हात.
ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.
उलट कर, म्हणाली. धडधाकट आधी, आजारी शेवटी.
मध्ये धू.

डचेस शनिवारी गेली, नाकातून रक्त येऊन.
वेंडेलनं तिला स्वतःच्या कोटात गुंडाळलं.
तो कोटही जाळायचा म्हटल्यावर काही बोलला नाही,
फक्त खिशातून किल्ल्या काढून घेतल्या.

त्यानंतर दारं बंद. कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही.
वाट्या उकळल्या, जमीन ब्लीचनं पुसली,
दोऱ्यांवर नावं लिहिली, ज्याची त्याची.
ज्युनिपर एकटी, मागच्या खोलीत.
तिला काय झालंय ते तिला कळेना,
कारण तिला काही झालंच नव्हतं.
रात्री ती दाराखाली नाक खुपसायची.
मी पलीकडे बसायचे, सहा फुटांवर,
आणि न शिवता बोलायचे. काहीबाही.
बाजारभाव. माझ्या बहिणीचं लग्न.

एकविसाव्या दिवशी डॉक्टरनं कागद दिला.
मी कडी काढली. हात पुढे केला.
तिनं हुंगला, आणि मागे सरकली.
तीन आठवडे धुऊन धुऊन सालपटलेला हात,
माझा वास उरलाच नव्हता त्यात.
मी बाही कोपरापर्यंत सारली
आणि थांबले.
तिला वेळ लागला.