सपाट तारा

सोमवार. उद्यमनगर बंद.
एकही लेथ फिरत नाही, म्हणून गल्लीत
पत्र्यावर चालणाऱ्या कबुतरांची नखंसुद्धा ऐकू येतात.
आज तारा बदलायच्या.

पाकीट तीन दिवस कपाटावर पडून आहे.
चार हजार सहाशे. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम.
वहिनी म्हणाली, एवढ्यात साज झाला असता.
काय सांगतेस! गुजरीत त्या पैशात
साजाचं एक पानही कुणी हातात देत नाही.

पाकिटावर आकडे:
पंचेचाळीस, पासष्ट, पंच्याऐंशी, एकशे पाच.
हे मला कुणी समजवायला नको. हे थाऊ आहेत.
दिवसभर मी थाऊच मोजते,
पिनचा व्यास, बुशचं भोक,
दोन थाऊ इकडे तिकडे झाले की तांबडा खडू.
तरी सवयीनं मायक्रोमीटर लावलाच.
एकशे पाच. पास.

जुन्या काढल्या. त्या गोल वेढ्यांच्या,
बोल्टच्या आट्यांसारख्या.
बोट सरकलं की कर्र करायच्या.
गणपतीच्या ऑर्केस्ट्रात अख्खी पेठ नाचत असताना
ती कर्र फक्त मला ऐकू यायची,
आणि घरी, आबांना.

नव्या तारांवर चपटी पट्टी,
टर्निंगनंतर ग्राइंडिंग मारल्यासारखी.
नख ओढून बघितलं, अडकत नाही.
शेपटाला तांबडं रेशीम.
पण ताठ! खुंटी पिळता पिळता मनगट भरून आलं,
मान पुढं वाकली गिटारची,
ॲलन की घेऊन पाव आटा फिरवला,
थांबले, मग आणखी अर्धा पाव.
लोखंडाला घाई चालत नाही.

एलियाकाका रणभिसे आठवले.
त्यांच्या बासला काळ्या पडलेल्या, गुळगुळीत तारा,
एकोणीस वर्षं एकच सेट,
रविवारी चर्चहून आले की धोतराच्या फडक्यानं पुसायचे.
मला वाटायचं, पैसे नसतील.
ते म्हणायचे, पोरी, बास ऐकू यायला नको,
थांबला तर कळायला पाहिजे.
तेव्हा मी सतरा वर्षांची. मला ऐकू यायचं होतं.

पहिला सूर लावला, आणि खरं सांगते, हिरमोड झाला.
चकाकी नाही. झणका नाही.
पोत्यावर मूठ मारावी तसा धप्प.
चार हजार सहाशेचा धप्प.
ढोलकीवाला सर्जेराव ऐकेल तर म्हणेल,
काय गं, रजई घातलीस काय त्याला?

पण मग बोट चौथ्या घरातून नवव्यात नेलं.
काही वाजलं नाही.
म्हणजे सूर गेला तिथं, मधल्या रस्त्याचा आवाज नाही.
पुन्हा नेलं. पुन्हा.
शेंगदाण्याच्या तेलात बोट फिरावं तसं.
एक साधी चाल धरली, चारच सुरांची,
आणि ती धरून बसले, किती वेळ कोण जाणे.

आबा खाटेवर, पेपर घेऊन.
एकतीस वर्षं फाउंड्रीत, फेटलिंगला.
बारीक आवाज सगळे तिथंच राहिले,
भांड्याचे, चिमण्यांचे, नातवाच्या हाकेचे.
उरलेत ते जाडे.
मी बास काढला की ते कानातलं मशीन काढून
स्टीलच्या वाटीत ठेवतात. ती कर्र
मशीनमधून कानशिलासारखी घासते म्हणतात.
मी कधी राग धरला नाही. तेही बोलले नाहीत.

आज वाटी रिकामी होती.
हे मला चाल संपवल्यावर दिसलं.
पेपर मांडीवर, पानं न उलटलेली,
डावा तळवा खाटेच्या लोखंडावर सपाट.

काय झालं, बंद का केलंस?

नव्या आहेत, म्हटलं, उतरतात अजून.
खरंच उतरल्या होत्या. जाडी तार
जवळजवळ अर्धा सूर खाली.
खुंटी पिळली. तळवा तिथंच होता.
सर्जेरावला काय सांगायचं ते उद्या बघू,
जुन्या तारा तरी
पेपरात गुंडाळून ठेवल्यात.