हलू नका

तीस वर्षं साखळीच्या बाजारात
मी हे दोनच शब्द विकले.
हनुवटी किंचित वर, खांदे सैल, हलू नका.
कुवेतला जाणारे, लिस्बनला जाणारे,
दहावीच्या फॉर्मवर चिकटणारे,
सगळे त्या एकाच स्टुलावर
श्वास धरून बसायचे.

हे बसत नाहीत.

बोटभर पाण्यात, नखाएवढे,
नखाएवढेही नाहीत,
नखाच्या कडेला पांढरं साठतं ना, तेवढे.
मुरीची पिल्लं.
दुकानदार त्यांना लोच म्हणतो, किंमत लावण्यापुरतं.
सोयरू गावसने चार मुऱ्या आणल्या होत्या
वाळवंटीतून, पुलाखालून, सोड्याच्या बाटलीत.
‘दुकान बंद केलंस ना, आता हीं पळयत बस.’

स्पंज पिळून बादलीतलं पाणी
आबोलीला घालणार, तेवढ्यात
एक दोरा पाण्याविरुद्ध गेला.
दोरे असे जात नाहीत.
चहाच्या चमच्याने एकेक उचलला.
एकोणीस.

ठेवायचे कुठे?
माळ्यावरून डेव्हलपिंग ट्रे काढला,
आठ बाय दहाचा, एक कोपरा पिवळा पडलेला.
तीन वेळा घासला, उन्हात ठेवला,
हुंगून पाहिला, पुन्हा घासला.
याच ट्रेमध्ये लाल दिव्याखाली
कोऱ्या कागदावर आधी भुवया यायच्या,
मग डोळे,
मग उरलेला माणूस.
यांचंही तसंच. आधी दोन डोळे नुसतेच,
त्यांच्यामागे धडधडणारा एक ठिपका,
आणि आठवड्याने मिशा.
अनसूया वाकून म्हणाली,
‘पळय, दांतां पयलीं मिशयो!’

उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून
दोन थेंब, सकाळ-संध्याकाळ.
पोट पिवळं झालेलं बाहेरून दिसतं,
जेवलात का, असं विचारावं लागत नाही.
एका रात्री मी चार थेंब घातले.
माया जास्त झाली की पाणी दुधाळतं.
सकाळी नऊ उरले होते.
उरलेला बलक मी तसाच खाल्ला, मिठाशिवाय,
का ते सांगता येत नाही.

फोटो.
पांढऱ्या पडद्यावर ते नाहीसेच होतात.
काळा लावला तर दिसतात,
पण काचेत मीही दिसतो, कपाळापासून पोटापर्यंत,
आणि ते माझ्या शर्टाच्या खिशात पोहताहेत.
तेव्हा बाबांचं काळं फडकं काढलं.
त्याच्याखाली उभं राहून
त्यांनी अर्धी डिचोली काढली होती, लग्नं, बारशी,
दोन-चार प्रेतंसुद्धा, खुर्चीत बसवून.
लेन्सपुरतं भोक पाडताना कात्री थांबली.
मग पाडलं.

दोनशे अकरा फोटो. शेपट्या. वाळू.
एक बुडबुडा मात्र अगदी शार्प.

परवा संध्याकाळी वीज गेली.
पंप थांबला, पाणी थांबलं,
आणि एक जण बदामाच्या सुक्या पानावर येऊन
टेकला.
अनसूयेच्या हातात टॉर्च.
‘हलू नकोस,’ मी म्हटलं.
कुणाला म्हटलं ते दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.
तिचा हात हसण्याने थरथरत होता
तरी आला.

दोन्ही डोळे स्पष्ट. हनुवटी किंचित वर.
मिशा सहा, मोजता येतात.
कान दिसत नाहीत, त्याला इलाज नाही.

सवयीने चार प्रती कापल्या,
पस्तीस बाय पंचेचाळीस.
एक शोकेसच्या काचेला आतून लावली,
पैसे देऊन गेलेल्या आणि फोटो न्यायला
कधीच न आलेल्या माणसांच्या रांगेत.

सोयरूने तंबाखू मळता मळता
त्या रांगेवरून बोट फिरवलं,
हा लंडनाक, ही दुबय, हा कोण तो, मेलो तो,
आणि शेवटी थांबला.
‘आनी हें खंय वता?’

पुलाखाली, मी म्हटलं.
थोडं मोठं होऊ दे.